बदली मतदार

माणूस जागेवर नसल्यामुळे आपल्या समाजात कोणतेही महत्त्वाचे काम अडून राहिल्याचे ऐकिवात नाही. ज्याला स्वतः जप करण्यास सवड नाही, त्याच्या नावाने संकल्प सोडून गुरुजी सव्वा लक्ष जप करतात आणि पुण्य यजमानाच्या खात्यावर बिनतक्रार जमा होते. ज्याला कचेरीची पायरी चढण्याचा कंटाळा, त्याच्या वतीने मुखत्यार ती चढतो आणि आत जे काही ऐकून घ्यावे लागते तेही त्याच्याच वतीने ऐकून घेतो. आणि जुन्या सरदार घराण्यांतून तर स्वारीवर गुंतलेल्या वराऐवजी त्याचा खांडा बोहल्यावर उभा करून लग्ने लावण्याची चाल होती. मोक्ष, मालमत्ता आणि विवाह या तिन्ही गंभीर बाबतींत ज्या संस्कृतीने बदली मनुष्य, प्रसंगी बदली शस्त्रदेखील, ग्राह्य मानले, त्या संस्कृतीत जन्मलेल्या गृहस्थाला गच्चीवर डांबर घालावे की चायना मोझॅक बसवावे एवढ्या एका प्रश्नावर मत द्यायचे झाले, तर मात्र आठवड्यातील एकुलत्या एका रविवारी, सकाळी दहाच्या ठोक्याला, पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत स्वदेहाने हजर राहावे लागते, ही गोष्ट प्रथमदर्शनी अन्यायाचीच वाटेल.

हा अन्याय करणारा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 सालचा असून त्याचे कलम 27 इतके निःसंदिग्ध आहे की, त्यात शिरण्यास वकिलालाही फारशी फट सापडू नये. काही किरकोळ अपवाद वगळता, सभासदाने भाग कितीही घेतलेले असोत, त्यास मत एकच. आणि ते त्याने जातीने द्यावयाचे, प्रतिपत्रीमार्फत, म्हणजे प्रॉक्सीमार्फत, नव्हे. एवढ्याने समाधान न होऊन सरकारने गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी तयार केले, त्यांत प्रॉक्सीवाला, कुलमुखत्यार आणि नुसते अधिकारपत्र घेऊन आलेला इसम या तिघांचाही स्वतंत्र उल्लेख करून त्यांना सभेच्या दारातच मज्जाव केलेला आहे. ज्या मुखत्यारपत्राच्या जोरावर एखाद्याला दुसऱ्याची अख्खी सदनिका विकता येते, त्याच मुखत्यारपत्राच्या जोरावर त्या सदनिकेबाहेरच्या जिन्यात ट्यूबलाइट लावावी की बल्ब, याविषयी त्याला ब्र काढता येत नाही.

या कडकपणाला इतिहास आहे, आणि त्यातील आपल्या वाट्याचा भाग जुन्या ट्रामच्या टप्प्यात, गावदेवी ते परळ या पट्ट्यातच घडला. परळ-लालबागच्या धुराड्यांखाली ज्या कापड कंपन्या चालत, त्यांत जितके भाग तितकी मते हा न्याय होता, आणि भागधारक सभेला येऊ शकत नसेल तर त्याची प्रॉक्सी चालत असे. भागधारक सुरतेस किंवा राजकोटास सुखाने निजलेला असताना, त्याच्या सहीचा कागद कोटच्या कचेरीत हात वर करून, कंपनी चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटाच्या कमिशनला मान्यता देई. ही मॅनेजिंग एजन्सीची पद्धती 1970 साली कायद्याने बंद झाली. प्रॉक्सी मात्र कंपन्यांत आजही सुखरूप आहे, फरक एवढाच की, कंपनीच्या सभेत प्रॉक्सीला बोलण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. उलट, इंग्लंडातील रॉचडेल गावच्या विणकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1844 साली जे सहकारी दुकान काढले, त्यात भांडवल कितीही असो, माणशी मत एकच, असा दंडक घातला. आणि पुढे 1915 साली रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन होऊन मुंबईत या मार्गाने घरे उभी राहू लागली, तेव्हा तोच दंडक त्यांच्याबरोबर जिने चढून आला. कल्पना अशी की, कंपनीत पैसा एकत्र येतो, संस्थेत माणसे एकत्र येतात. आणि माणसे एकत्र यावयाची तर त्यांनी निदान यावे, एवढी किमान अपेक्षा कायदा करणाऱ्यांनी बाळगली. ते भाबडे होते असे म्हणवत नाही. पण ते सर्वसाधारण सभेला फारसे गेले नसावेत.

आता वाचक विचारील की, जेथे प्रॉक्सीच निषिद्ध, तेथे तिचा दुरुपयोग व्हायचा तरी कसा? हा प्रश्न विचारणारा वाचक बहुधा स्वतंत्र बंगल्यात राहत असावा. दादरच्या कोणत्याही तीन मजली संस्थेत बालपण गेलेल्या माणसाला हे ठाऊक असते की, कायद्याने मना केलेली वस्तू आपल्याकडे नाहीशी होत नसते. ती फक्त कागदावरून उठून वहिवाटीत जाऊन बसते. कंपनीच्या प्रॉक्सीला छापील नमुना लागतो, मुद्रांक लागतो आणि ती सभेच्या अठ्ठेचाळीस तास आधी दाखल करावी लागते. संस्थेच्या प्रॉक्सीला यांतले काहीच लागत नाही. जिन्यात चढता-उतरताना उच्चारलेले “तुम्ही आहातच ना, मग झालं तर!” एवढे एक वाक्य तिला पुरते, आणि या वाक्याला मुदत नसल्यामुळे ते कित्येक वर्षे अव्याहत अंमलात राहते.

प्रथम सभेची सूचनाच पाहा. ती चौदा पूर्ण दिवस आधी काढावी लागते, म्हणून ती चौदा दिवस आधी फलकावर लागते आणि तेराव्या दिवसापर्यंत तिच्यावर टाकी धुण्याची सूचना, तिच्यावर श्रीसत्यनारायणाचे निमंत्रण आणि त्याच्यावर घरपोच डबा देणाऱ्या बाईंचा दूरध्वनी क्रमांक असे थर चढतात. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद हवेत. ते आले नाहीत तर सभा तहकूब होते. आणि सूचनेच्या तळाशी असे छापलेलेच असते की, गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने भरेल व तीस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. वरवर पाहता ही केवळ तरतूद आहे. परंतु ज्या निश्चिततेने ती दरवर्षी खरी ठरते ती पाहता तिला भविष्यकथनच म्हटले पाहिजे. जाणते सभासद दहाची सभा साडेदहाची आहे असे समजूनच आंघोळीला जातात. आणि दहा वाजता सचिव, खजिनदार व सूचनेतील वेळ खरी मानणारा कोणी नवा भाडेकरू (ज्याला सभेत बसण्याचा अधिकारच नाही) असे तिघे एकमेकांकडे पाहत अर्धा तास गणपूर्ती न होण्याची प्रामाणिकपणे वाट पाहतात.

साडेदहाला जी सभा सुरू होते तिच्यात बसलेल्या नऊ जणांनी चाळीस जणांसाठी ठरवायचे असते. या नऊ जणांना कोणीही प्रॉक्सी दिलेली नसते आणि कायद्याचा कोठेही भंग झालेला नसतो. तरीपण उरलेल्या एकतीस सभासदांची मते त्या क्षणी या नऊ जणांच्या खिशात असतात, इतकेच काय, ती त्यांनी मागितलेलीही नसतात. लेखापरीक्षकाची नेमणूक, निक्षेप निधीची गुंतवणूक, रंगकामाचा ठेका, पाहुण्यांच्या गाड्यांना आकार लावण्याचा ठराव असे सर्व विषय, चहा येईपर्यंत आणि तो आल्यामुळे, भराभर मंजूर होतात, आणि इतिवृत्तात सचिव आपल्या वळणदार अक्षरात लिहितात की, “सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले.” या “सर्वानुमते”मध्ये त्या वेळी माटुंग्याच्या बाजारात भाजी निवडीत असलेले, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेले, आणि दोघे-तिघे तर परलोकवासी झालेले असे सर्वजण अंतर्भूत असतात.

परलोकवासीयांचा उल्लेख मी अलंकार म्हणून केलेला नाही. भाग-प्रमाणपत्रावर ज्याचे नाव पहिले, मत त्याचे. तो नसेल तर दुसऱ्याचे, असा संयुक्त नावांविषयी कायद्याचा क्रम आहे. परंतु पहिल्या नावाचा मनुष्य निवर्तल्यावर ते नाव बदलून घेण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत, प्रतिज्ञापत्र आणि प्रवेश शुल्क एवढ्या गोष्टी लागत असल्यामुळे, अनेक कुटुंबांनी पूर्वजाला सभासदत्वातून मुक्त करण्याऐवजी त्याला आजन्म, किंबहुना आमरणोत्तर, सभासद ठेवण्याचा सोयीचा मार्ग पत्करलेला असतो. अशा कैलासवासी सभासदाच्या नावे देखभालीचे बिल नियमित येते आणि त्याच्या नावे ते नियमित भरलेही जाते. थकबाकीदारांच्या यादीत त्याचे नाव कधी आढळत नाही. आणि सभेतील त्याची वागणूक तर इतकी आदर्श असते की, व्यवस्थापक समितीने सर्व सभासद असेच असावेत अशी मनोमन इच्छा करावी.

जिवंतांसाठी कायद्याने एक वेगळी सोय करून ठेवलेली आहे. 2019 सालच्या सुधारणेने गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात जे स्वतंत्र प्रकरण घातले, त्यात सहयोगी सदस्याची व्याख्या करताना पती, पत्नी, वडील, आई, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, भाचे-पुतणे आणि भाच्या-पुतण्या अशी गोतावळ्याची संपूर्ण यादी दिलेली आहे. यांपैकी ज्याला सभासदाच्या लेखी शिफारशीने संस्थेने रीतसर दाखल करून घेतले असेल, त्याला सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने त्याचे हक्क बजावता येतात. म्हणजे प्रॉक्सीला दिंडी दरवाजातून हाकलून कायद्याने तिच्यासाठी माजघराची खिडकी उघडी ठेवली आहे, आणि त्या खिडकीतून सर्वांत आधी आत आलेला मनुष्य पाहावा तर जावई! अधिकमासात चांदीचे ताट आणि दिवाळसणाला अंगठी यांपलीकडे सासुरवाडीच्या कारभारात ज्याचा कधी विचार घेतला गेला नाही, त्याला हा विधिमंडळाने दिलेला मान इतका अनपेक्षित असतो की, तो सभेत पाण्याच्या मोटारीपासून जगाच्या अर्थव्यवस्थेपर्यंत प्रत्येक विषयावर बोलतो. सासरे घरी बसून विचारतात, “काय ठरलं?” आणि जावईबापू सांगतात, “मी त्यांना चांगलंच सुनावलं.” ठरले काय, हे मात्र सासऱ्यांना पुढच्या बिलावरूनच कळते.

याहून करुण अवस्था कुलमुखत्यार वडिलांची. चिरंजीव न्यू जर्सीस स्थायिक झालेले, सदनिका चिरंजिवांच्या नावे, राहतात तीर्थरूप. आणि चिरंजिवांनी तिकडे नोटरीपुढे सही करून, त्यावर आणखी दोन-तीन शिक्के उठवून, कुरियरने पाठवलेले मुखत्यारपत्र तीर्थरूपांनी प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेले. सभेच्या दिवशी ते वेष्टन काढून ते टेबलावर ठेवतात. सचिव ते आदराने वाचतात, शिक्के न्याहाळतात, आणि परत करताना म्हणतात, “काका, तुम्ही बसा, चहा घ्या. मत मात्र देता यायचं नाही.” काका विचारतात, “अहो, पण गळती माझ्या डोक्यावर होते आहे ना?” “गळती तुमच्या डोक्यावर होते हे खरं,” सचिव अत्यंत मृदू स्वरात उत्तर देतात, “पण कायद्याच्या दृष्टीनं ती मुलाच्या डोक्यावर होते.” कायद्याचे हे तत्त्व इतके सूक्ष्म आहे की, ते समजावून घेण्यात काकांचा चहा निवतो. वास्तविक सहयोगी सदस्याचा एक अर्ज केला असता तर काकांचे काम झाले असते. परंतु ही गोष्ट सचिव त्यांना सांगत नाहीत, आणि ती न सांगण्याबद्दल कोणत्याही उपविधीत शिक्षा नाही.

दादरच्या संस्थांत हा खेळ निदान नियमांच्या चौकटीत चालतो. गिरगाव आणि लालबागच्या चाळींत चौकटच मोडकळीस आलेली असल्यामुळे तेथे तो अधिक मोकळेपणाने चालतो. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेले भाडे, त्यामुळे दुरुस्तीला नाखूष झालेला मालक, त्यामुळे 1969 च्या कायद्याने अशा इमारतींवर बसवलेला दुरुस्तीचा उपकर, आणि त्या उपकरालाही पुरून उरलेल्या टेकूंच्या आधाराने उभी असलेली इमारत, अशी ही परंपरा आहे. या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी राहणाऱ्यांची लेखी संमती लागते. ती पूर्वी 70 टक्के लागत असे, हल्ली 51 टक्के पुरते. आता चाळीतील एका खोलीचे मत म्हणजे काय, हे ठरवणे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. भाडेपावती आजोबांच्या नावे, आजोबा केव्हाच गेलेले. थोरले काका डोंबिवलीस, धाकटे विरारला, मधले खोलीतच. आणि तिघांनाही आपापल्या संध्याकाळी, आपापल्या घरी, एकेक विकासक पेढ्यांचा पुडा घेऊन भेटून गेलेला. थोरल्यांनी एका विकासकास संमतीपत्र दिलेले असते, धाकट्यांनी दुसऱ्यास, आणि मधल्यांनी, खोलीत ते स्वतः राहत असल्यामुळे आपलाच अधिकार श्रेष्ठ समजून, दोघांसही. परिणामी एका विकासकाच्या दप्तरी साठ टक्के आणि दुसऱ्याच्या दप्तरी पंचावन्न टक्के संमती जमा होऊन, ज्या इमारतीत माणसांना अंग पसरायला जागा नाही, तिच्यात एकशे पंधरा टक्के लोक राहत असल्याचे लेखी पुराव्यानिशी सिद्ध होते.

संस्था असलेल्या इमारतींच्या पुनर्विकासात असे होऊ नये म्हणून सरकारने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79-अ खाली दोनदा निर्देश काढले. 3 जानेवारी 2009 च्या निर्देशांत तीन-चतुर्थांश सभासदांची अट होती. 4 जुलै 2019 च्या निर्देशांनी ती शिथिल करून सभेला दोन-तृतीयांश उपस्थिती आणि ठरावाला एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची मान्यता पुरेशी ठरवली, आणि सभेचे चित्रीकरण करावयास लावले. येथे अर्ध्या तासाची युक्ती चालत नाही, आणि म्हणूनच येथे एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. ज्या सभासदाला गेल्या वीस वर्षांत जिन्याच्या कठड्यासाठी, टाकीच्या झाकणासाठी, किंवा त्याच्याच शेजाऱ्याच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळासाठी खाली उतरण्यास सवड झाली नाही, तो कार्पेट क्षेत्रफळाचा प्रश्न निघताच दुबईहून विमानाने येतो. त्या दिवशी कोणाचीही प्रॉक्सी कोणापाशी नसते. सर्वजण जातीने, ओळखपत्रानिशी, पहिल्या रांगेत हजर असतात, आणि नऊ जणांना चाळीस जणांचा कारभार हाकण्याची सवय लागलेले सचिव एवढ्या लोकांसाठी खुर्च्या कोठून आणाव्यात या विवंचनेत पडतात. यावरून असे दिसते की, आपल्या लोकांना सभेला येण्याची अडचण कधीच नव्हती. फक्त किती चौरस फुटांसाठी यावयाचे, याचा भाव त्यांनी मनाशी ठरवून ठेवलेला होता.

याबाबतीत गृहनिर्माण संस्थांनाच दोष देणे न्यायाचे होणार नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्षदेखील कित्येक वर्षे टपालाने येणाऱ्या मतपत्रिकांवर निवडला जात असे, आणि त्या काळात कोऱ्या मतपत्रिका गठ्ठ्याने गोळा करण्यात येतात अशी तक्रार दरवर्षी, जवळजवळ संमेलनाच्या मांडवाइतक्याच नियमितपणे, उभी राही. ज्यांनी आयुष्यभर शब्दांची जोखीम वाहिली, त्यांनाही आपले एक मत स्वतःच्या हाताने लिहून पाकिटात घालण्याचा कंटाळा यावा, आणि तो कंटाळा निवारण्यासाठी कोणी तत्पर कार्यकर्ता पाकीट, डिंक आणि तिकीट घेऊन दाराशी उभा असावा, यावरून मतदानाचा आळस हा निरक्षरतेचा परिणाम आहे ही समजूत तरी दूर होण्यास हरकत नाही. 2018 साली निवडणुकीची ती पद्धत मोडीत निघून अध्यक्ष सन्मानाने नेमण्याची प्रथा सुरू झाली. म्हणजे मतदारांनी मत देण्याचे टाळले, म्हणून मतदानच टाळण्यात आले. या उपायाची वार्ता काही संस्थांच्या सचिवांपर्यंत पोहोचू नये, अशी माझी इच्छा आहे.

महासाथीच्या काळात दूरदृश्य प्रणालीने सभा भरवण्याची मुभा मिळाली, तेव्हा तर प्रॉक्सीने सगुण रूप टाकून निर्गुण रूप धारण केले. पडद्यावर काळे चौकोन, त्यांवर “आईचा फोन”, “सॅमसंग”, “स्वराली इयत्ता चौथी” अशी नावे. आणि ठरावाच्या वेळी यांपैकी नेमक्या कोणत्या चौकोनाचे भाग-प्रमाणपत्रावर पहिले नाव आहे, हे सांगणे उपनिबंधकांनाही अशक्य व्हावे. इयत्ता चौथीच्या नावाने दुरुस्ती निधीच्या वाढीस अनुमोदन मिळाल्याचे माझ्या पाहण्यात आहे. महासाथ ओसरली, पण तिने मागे ठेवलेला व्हॉट्सअ‍ॅपचा समूह ओसरला नाही, आणि आता कोणताही प्रश्न सभेपुढे येण्याच्या आधीच अंगठ्यांच्या चित्रांनी निकालात निघतो. पूर्वी कर्जरोख्यावर अंगठा उठवणाऱ्याला आपण अडाणी म्हणत असू. हल्ली पदवीधर मनुष्य मजकूर न वाचता अंगठा उठवतो.

परळ-लालबागच्या भूमीत बदली या संस्थेचा एक प्रतिष्ठित इतिहास आहे, त्याची या ठिकाणी आठवण ठेवणे योग्य होईल. गिरणीत कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या साच्यावर बदली कामगार लावला जाई. आणि ही भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर राहू नये म्हणून 1935 च्या सुमारास बदलीवाल्यांची रीतसर नोंद ठेवण्याची पद्धत गिरण्यांनी सुरू केली. हा बदलीवाला पहाटेच्या भोंग्याला गेटावर स्वतः हजर राही, नाव पुकारले गेले तर आठ तास उभ्याने काम करी, नाही पुकारले गेले तर मुकाट्याने घरी परते. आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचा मोबदला म्हणून त्याला त्या दिवसाचा रोज मिळे, पण तुटलेल्या धाग्याची जबाबदारीही त्याच्यावरच येई. 1982 च्या संपानंतर ते साचे थंडावले, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, आणि त्याच मनोऱ्यांच्या संस्थांत आज जो बदली मतदार वावरतो, त्याने त्या जुन्या बदलीवाल्याकडून फक्त अर्धी विद्या घेतलेली दिसते. तो दुसऱ्याच्या जागी हात वर करतो, धागा तुटला की मात्र म्हणतो, “हा ठराव सर्वसाधारण सभेचा आहे.” आणि ज्याच्या जागी त्याने हात वर केला तो म्हणतो, “मी तर सभेला नव्हतोच.” असे दोघेही निर्दोष सुटतात, आणि गळती तेवढी राहते.

या विषयाचा विचार करता करता मला असे वाटू लागले की, प्रॉक्सीवर बंदी घालून कायद्याने चूक केली. बंदीमुळे ती अदृश्य झाली, आणि अदृश्य वस्तूवर कर बसवता येत नाही. त्याऐवजी प्रॉक्सीला खुशाल परवानगी द्यावी, परंतु मतासोबत मतदाराच्या इतर सर्व सुखदुःखांचेही हस्तांतर व्हावे, अशी साधी तरतूद करावी. त्यासाठी उपविधीच्या दुरुस्तीचा एक मसुदाच मी तयार केला आहे. त्यातील कलमे अशी की, जो कोणी अनुपस्थित सभासदाच्या वतीने, उघडपणे, मौनाने, अंगठ्याने वा केवळ “सर्वानुमते” या शब्दाने, मत देईल, त्याने त्या सभासदाची त्या वर्षीची थकबाकी भरावी. त्याच्या न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर होणाऱ्या गळतीची तक्रार स्वतः ऐकून घ्यावी, व ती खालच्या मजल्यावरील बाईंच्या संपूर्ण समाधानापर्यंत ऐकून घ्यावी. पाण्याचा पंप रात्री बंद पडल्यास त्याच्या पाळीने गच्चीवर जावे. आणि गणेशोत्सवात त्याची वर्गणी देऊन, शिवाय त्याच्या मुलाचे गायन बसून ऐकावे. त्याचबरोबर, ज्याने आपले मत असे दुसऱ्यावर सोपवले, त्याला त्या वर्षात कारभाराविषयी जिन्यात, लिफ्टमध्ये किंवा समूहावर कोणतीही टीका करता येणार नाही, अशीही एक समतोल तरतूद केलेली आहे. पहिल्या कलमांनी घेणारे आवरतील आणि शेवटच्या कलमाने देणारे. कारण एकवेळ मताचा अधिकार सोडण्यास आपला मनुष्य तयार होईल, पण जिन्यातील टीकेचा अधिकार तो जिवंतपणी कोणाच्या नावे करून देणार नाही.

उपविधीत दुरुस्ती करावयाची म्हणजे सर्वसाधारण सभेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांची मान्यता हवी, आणि नंतर निबंधकांकडे नोंद. म्हणून मी मसुदा घेऊन इमारतीत घरोघर फिरलो. तो सर्वांनी शेवटपर्यंत वाचला, एकमुखाने वाखाणला, “अशा माणसांची आज संस्थेला गरज आहे,” असेही काही जण म्हणाले, आणि सभेचा दिवस सांगताच प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या आपुलकीने सांगितले, “तुम्ही बिनधास्त मांडा. आमचं मत तुमच्याकडेच आहे असं समजा.”